काचेपलीकडून बोलणारी मावशी

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये एक पेशंट कायम झोपलेली असायची. रबराची कातडी, आत मोटारी आणि वायरी. तिची छाती वरखाली व्हायची, पापण्या मिटायच्या, मनगटावर नाडी लागायची. काचेपलीकडे बसून मॅडम कॉम्प्युटरवर तिचा ताप चढवायच्या, तिला धाप लावायच्या आणि माइकवरून तिच्या तोंडून बोलायच्याही. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

मला तिची भीती वाटायची ती या बोलण्यामुळे. बीपी, नाडी, ऑक्सिजन मी बिनचूक घ्यायचे. शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटातही मला तिच्या छातीतले आवाज ऐकू यायचे. पण तिने तोंड उघडलं की माझं बंद. माझी सगळी शाळा इंग्लिश मीडियमची. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मी मनात आधी इंग्लिश वाक्य तयार करते, मग त्याचं मराठी, आणि तोवर समोरचा दुसरीकडे बघायला लागलेला असतो.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "आकडे दाखवायला मशीन आहे. या टेस्टमध्ये पेशंटशी बोलली नाहीस तर सोमवारी बॅच वॉर्डात जाईल, तू नाही."

टेस्टच्या दिवशी माझी मैत्रीण, टेमघरच्या लूमवाल्यांची मुलगी, मला दारापर्यंत सोडायला आली. "डरतेस कशाला? प्लास्टिकची बाई आहे, चावणार थोडीच!"

"मॅडम चावतात," मी म्हटलं.

"बघ, येतं ना बोलता! आत पण असंच बोल."

केस सोपी होती. दिघाशी गावच्या मावशी, पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन, थिएटरमध्ये नेण्याआधीची तपासणी. सगळे आकडे लिहून झाल्यावर मी विचारलं, "आपण रात्रीपासून काही सेवन केलं आहे का?"

"काय केलंय?" मावशी म्हणाल्या. वर्गात कडक इंग्लिश बोलणाऱ्या मॅडमचं माहेर तिकडचंच. माइक हातात आला की त्या थेट गावाला पोचायच्या.

"म्हणजे, खाल्लंत का काही?"

"न्हाय गं बाय. उपाशीच हाय."

मी 'उपाशी' लिहिलं. आता पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"आता बरं हाय. सकाळी डोकं नुसतं धरलं होतं. उतरलं."

माझी आई, मामी, शेजारच्या काकू... सकाळी धरलेलं डोकं यांच्यापैकी कुणाचंच आपोआप उतरत नाही. मी गप्प बसून या बायकांचं ऐकतच मोठी झालेय.

"मावशी, चहा झाला का?" वाक्य बनवायला वेळच मिळाला नाही.

"झाला ना! चहा न्हाय तर माणूस उठंल कसा?"

"दुधाचा?"

"मग काय, काळा पिऊ? घरची म्हस हाय."

"आणि सोबत?"

"दोन खारी बुडवल्या. त्याला काय खाणं म्हणतात?"

मी 'उपाशी' खोडलं आणि फोन उचलून थिएटरला कळवलं की पेशंटने खाल्लंय, थांबा. मला वाटलं, सुटले.

"म्हंजे? आज न्हाय करणार?" मावशींचा आवाज चढला. मॉनिटरवर नाडीही चढली. "लेकानं लूमवरची ड्युटी सोडली हाय माझ्यासाठी! चहात काय विष हाय का?"

मी स्टूल ओढून बसले आणि तिचा रबरी हात धरला. "विष नाही हो. पण भूल दिल्यावर घसा पण झोपतो. उलटी झाली तर ती फुप्फुसात जाईल. मग मी काय करू?"

"मंग चहा बंद, असं आधी सांगायचं ना!"

"चुकलं आमचं. खरंच चुकलं."

"आन् लेकाला कोण सांगंल? त्यो माझ्यावर वराडंल."

"त्याला मी सांगते. तुम्ही मध्ये बोलूच नका. ओरडू दे माझ्यावर."

"तू सांगशील? तुझा तर आवाज बी निघत नव्हता मघाशी."

"आता निघतोय ना?"

मॉनिटरवरची नाडी हळूहळू खाली आली. काचेचं दार उघडून मॅडम बाहेर आल्या. भांडून त्यांचा घसा बसला होता. अर्धी बाटली पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळच्या शिफ्टला ये. केस नीट बांधून."

मी मान हलवली.

"तोंडाने."

"हो, मॅडम," मी म्हटलं.