नळीत अडकलेली पुंगळी

सळई अर्ध्यातच थांबली. मी हातोडीचा एक ठोका दिला. हलली नाही. दुसऱ्या ठोक्यासाठी हात उचलला आणि तसाच वर धरून ठेवला.

हे काम मी तेव्हा रोज पन्नास-साठ वेळा करायचो. सळई आत किती जाते ते माझ्या हाताला पाठ आहे. आज ती बोटाचं एक पेर वरच अडली होती.

टेबलाच्या पलीकडे केतकीताई उभ्या होत्या. बँकेत ऑफिसर आहेत, पुण्याहून कलकत्त्याला बदलून आल्यात. आमच्या नेमबाजीच्या क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"काका, झालं का? पुढची पाळी माझी आहे."

"ताई, मागे सरा."

"काय झालं?"

"मागे सरा म्हणतो ना!"

आता हे काय चाललं होतं ते सांगतो. मी सातवी पास. गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात टर्नर होतो, लेथवर जन्म गेला. रिटायर झालो, आणि मागच्या दुर्गापूजेच्या आधी बायको गेली. सुमन तिचं नाव. घरी भिंतीकडे बघत बसायचो. तेव्हा ओळखीतून ह्या नेमबाजीच्या क्लबात आलो. आठवड्यातून चार दिवस, हत्यारांची किरकोळ दुरुस्ती.

इथे काही रिव्हॉल्व्हरमध्ये मून क्लिप वापरतात. ही म्हणजे पातळ पोलादी चकती, फुलासारखी कापलेली. तिच्या खाचांत सहा काडतुसं बुडाशी अडकवायची आणि चकतीसकट एकदम चक्रात टाकायची. झाडून झालं की सहाही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर. भरायला सोपं, काढायला सोपं. पण नंतर त्या पुंगळ्या चकतीतून सोडवायच्या कशा, इथे सगळे रडायचे. नखं तुटायची. पकडीने ओढलं की चकती वाकायची, आणि वाकलेली चकती घातली की चक्र फिरत नाही. ह्या चकत्या इथे मिळतही नाहीत.

म्हणून मी अवजार केलं. सियालदहच्या बाजूच्या हार्डवेअरवाल्याकडून पितळी नळी आणली, पुंगळीवर बसेल एवढी. तिच्या तोंडाला कानशीने खाच पाडली. नळी पुंगळीवर चढवायची, चकतीला टेकवायची आणि मुरडायची. टक् करून सुटते. मूठ पाहिजे होती. घरी सुमनचं लाटणं पडून होतं. पोळ्या लाटणारं कोणी उरलं नव्हतं. मधोमध भोक पाडून नळी त्यातून आरपार घातली, इंग्रजी टी-सारखी. हात एकदम छान बसतो. पुंगळी बऱ्याचदा नळीतच राहायची. मग टेबलावरच्या व्हाइसच्या, म्हणजे शिकंज्याच्या, जबड्यांवर नळी उभी टेकवायची, मागच्या तोंडातून सळई घालायची, एक ठोका, पुंगळी खाली.

सगळे खूश. घोषबाबू, म्हणजे आमचे रेंजचे इन-चार्ज, फौजेतले रिटायर्ड सुभेदार, ते पण म्हणाले, "पवारदा, कमाल कर दिया." कोणाचं कधी कौतुक न करणारा माणूस.

पण ह्या अवजाराने एक गोष्ट बिघडवली होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही. आधी चकत्या घोषबाबूंच्या हातातून जायच्या. ते एकेक पुंगळी बघून मग सोडवायला द्यायचे. माझं काम झटपट व्हायला लागलं तसं लोक चकत्या सरळ माझ्या ट्रेमध्ये टाकू लागले. मी बुडाकडून बघायचो. काडतुसाच्या बुडाला बारीक स्फोटक टोपी असते, तिच्यावर घोड्याची सुई बसली की खड्डा पडतो. सहा खड्डे दिसले की सहा रिकाम्या. असं मी धरून चाललो होतो.

सुई हलकी लागली तरी खड्डा पडतो. पण काडतूस उडत नाही.

आणि निशाणाच्या काडतुसातली गोळी पुंगळीच्या तोंडाबाहेर डोकावत नसते. चपटं शिसं, तोंडाशी सपाट, काळपट. धुराने काळी झालेली रिकामी पुंगळी आणि ते, घाईत सारखंच दिसतं. माझ्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. मी तर निम्मं काम हातानेच बघतो.

तर सळई अडली ती शिशावर अडली होती. नळीत भरलेलं काडतूस होतं. आणि मी त्याला एक ठोका घातला होता.

खाली बघितलं. व्हाइसचे जबडे त्या दिवशी कमीच उघडलेले. एका जबड्याची कड काडतुसाच्या बुडावर आलेली. टोपीवर आहे की बाजूला, वरून कळेना. उडालं तर गोळी वर येणार, गोळीच्या पुढे सळई, आणि सळईच्या बरोबर वर माझं तोंड. मी वाकून बघत होतो. मान बाजूला घेतली. बाकी काही हलवायचं धाडस होईना. डाव्या हातात लाटणं, उजव्या हातात हातोडी. पाठीवरून घाम ओघळलेला कळत होता. पंखा डोक्यावर फिरत होता तरी.

केतकीताई भिंतीला चिकटल्या होत्या.

"काका... त्यात एक उडाली नव्हती बहुतेक."

"कुठली?"

"मघाची माझी सहा गोळ्यांची सिरीज. एकदा नुसतंच खट् झालं. हात वर करून सांगितलं तर सगळी सिरीज परत मारावी लागते, म्हणून मी... मी सांगणारच होते."

तोंड कोरडं पडलं होतं. त्यांना शिव्या घालाव्यात इतकीही थुंकी उरली नव्हती.

"घोषबाबूंना बोलवा," एवढं म्हणालो. "पळू नका. टेबलाला धक्का लावू नका."

घोषबाबू आले. दारातच थांबले, एकदा बघितलं, त्यांना सगळं कळलं. "नोडबेन ना," म्हणाले. हलू नका. मग वळून ओरडले, "सीझफायर! सब लोग पीछे!" बाहेरचा गोळीबार थांबला. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

"हथौड़ी नीचे। धीरे। अब सलाई ऊपर खींचिए, सीधी।"

सळई ओढली. ती नळीच्या भिंतीला खर्र करून घासली, आणि मी मागे वळून बघितलं. घोषबाबूंनी मागून कोपर धरलं.

"पवारदा, मेरी तरफ मत देखिए। नली देखिए।"

आता नळी उचलायची होती आणि शेडबाहेर, मातीच्या बांधापाशी न्यायची होती. मध्ये वीस पावलं. गोळी एका तोंडाने सुटणार, पुंगळी दुसऱ्या तोंडाने. म्हणजे समोर कोणी नको आणि मागे मी नको.

"पेट के सामने नहीं। बाजू में। हाथ लंबा।"

"तुम्ही लांब राहा," मी म्हणालो.

"अरे चलिए ना मोशाय, लेक्चर बाद में।"

लाटणं बाजूला लांब धरून निघालो. सुमन गेल्यापासून मी भेटेल त्याला सांगायचो, आता मला काय, आज गेलो तरी चालेल. शेजारच्यांना सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं, ती रडली. ह्या वीस पावलांत कळलं की ते खोटं होतं. मला जायचं नव्हतं. मी सुमनचं नाव घेत होतो, ते तिच्याकडे जायला नाही. पाय घसरू नये म्हणून. वाटेत कोणीतरी पानाची पिंक टाकलेली होती, ती ओलांडताना मी देवाला सांगितलं, एवढी ओलांडू दे. संध्याकाळची भाजी आणायची आहे हेसुद्धा आठवलं. भीती अशी कसलीही आठवण काढते.

बांधापाशी वाळूची पोती होती. नळी त्यांच्या खाचेत ठेवली, गोळीचं तोंड बांधाकडे. बोटं लाटण्यावरून सुटेनात. घोषबाबूंनी एकेक बोट सोडवलं, लहान पोराची सोडवावीत तशी. आम्ही मागे आलो आणि मी पायरीवर बसलो.

केतकीताईंनी पाण्याचा ग्लास आणला.

"काका, माझं चुकलं."

"चुकलंच," मी म्हणालो. "माझंही चुकलं. मी बघितलं नाही आणि ठोकलं."

दुसरा दिवस उजाडेपर्यंत नळी तिथेच बांधापाशी तेलात बुडवून ठेवली. सकाळी घोषबाबूंनी लाकडी काडीने नुसतं दाबलं, काडतूस सरकून बाहेर आलं. टोपीवर सुईचा उथळ खड्डा. त्याच्या कडेला, केसभर अंतरावर, व्हाइसच्या जबड्याची आडवी चीर. शिशावर माझ्या सळईचा ठसा, गोल, अगदी मधोमध. काम चोख केलं होतं मी.

घोषबाबूंनी ते बराच वेळ बघितलं आणि न उडालेल्या काडतुसांच्या पेटीत टाकलं. म्हणाले, "ये वाला बंद कीजिए। दूसरा बनाइए, नहीं तो घर जाइए।"

घरी जायचं नव्हतं. दुसरं बनवलं. आता नळीच नाही. पुंगळीच्या तोंडात सैल जाईल एवढी जाड सळई, वर तेच लाटणं. सळई रिकाम्या पुंगळीत आत घालायची आणि बाजूला मुरडायची. चकतीतून सुटते, नळीएवढी झटकन नाही, पण सुटते. काडतूस भरलेलं असेल तर सळई आत शिरतच नाही, वरच अडते. ठोकायची गरज कुठेच नाही, म्हणून टेबलावर हातोडी ठेवत नाही. चकत्या परत आधी घोषबाबूंकडे जातात. केतकीताई आता खट् झालं की हात वर करतात, दुसऱ्या कोणाचं झालं तरी त्याच ओरडतात.

अवजार चांगलं चालायला लागलं की माणूस बघायचं सोडतो. मी सोडलं होतं. म्हणून अवजार असं करावं की माणूस आंधळा असला तरी ते अडेल. आणि अडलं की ठोकू नये. एवढंच शिकलो. त्या दिवसापासून आज गेलो तरी चालेल असं म्हणणंही बंद केलंय. मुलीला कारण सांगितलेलं नाही.