बाईसाहेबांचा नकार

माझ्या वहिनीच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवलेली मला आठवत नाहीत, आणि फारसं कौतुक केलेलंही आठवत नाही. कारण सोपं आहे. ती जीव ओतून रांधायची ते एकाच माणसासाठी, आणि ते माणूस बोलत नव्हतं. आमच्या वाट्याला यायचं ते पोटापुरतं.

ते माणूस म्हणजे माझी भाची. जन्मताना डोक्याला काहीतरी कमी पडलं, ते कायमचंच. मान धरत नाही, हात मनासारखे हलत नाहीत, तोंडातून शब्द फुटत नाही. समजतं मात्र सगळं. खिडकीजवळच्या पट्ट्यांच्या खुर्चीत ती दिवसभर बसते आणि तिच्या एका नजरेवर सगळं घर धावतं, म्हणून दादाने तिचं नाव ठेवलं बाईसाहेब. बाईसाहेबांची भाषा दोन शब्दांची. 'हो' म्हणायचं असेल तर डोळे वर न्यायचे. 'नाही' म्हणायचं असेल तर ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवायचं. त्या 'नाही'त इतका ठसका असायचा की दादा हात जोडून म्हणायचा, चुकलं, सरकार.

मी वरच्या मजल्यावर राहते आणि शिवणकाम करते. बाईसाहेबांची लाळेरी माझ्याकडे असतात. बारा वर्षांच्या मुलीला बदकांच्या चित्रांची लाळेरी घालायला माझा विरोध आहे, म्हणून मी चांगल्या कापडाची, गळ्याला कॉलर असलेली शिवते. असो. सांगायचं आहे ते वहिनीबद्दल.

वहिनी भात शिजवायची तो शीत बोटात धरताच विरघळेल इतका. बटाटा, गाजर, भोपळा उकडून चाळणीवर घ्यायची आणि पळीच्या पाठीने घासून खाली उतरवायची. मिक्सर घरात होता, पण मिक्सरने बटाट्याची खळ होते म्हणून त्याला हात लावायची नाही. मग चमचा भरून उलटा करायचा. गोळा एकसंध घसरला तर ठीक. ओघळला तर श्वासनलिकेत जाणार, चिकटून राहिला तर टाळ्याला बसणार. दोन्हीची किंमत आम्ही दवाखान्यात मोजलेली होती. शेवटी ती चमचा आपल्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याला लावायची, गरम आहे का बघायला. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. एवढी वर्षं गरम भांडी फडक्याशिवाय उतरवून बोटं पार निबर झाली होती.

हे सगळं तिला कुणी आयतं दिलं नव्हतं. लहानपणी बाईसाहेबांनी अन्न सोडलं होतं. नाकातून नळी घातली, आणि नळी आली तसं तोंड कायमचं मिटलं. मग इस्पितळातल्या एक बाई भेटल्या. त्यांना आम्ही गिळण्याच्या बाई म्हणायचो, कारण त्या मुलांना गिळायला शिकवायच्या. त्यांनी वहिनीला जबडा धरायची रीत दाखवली. अंगठा हनुवटीवर, मधलं बोट जबड्याखाली, आणि चमचा ओठांच्या सांध्यात एका विशिष्ट कोनात दाबायचा. मुलाची इच्छा असो नसो, तोंड आपोआप उघडतं. अगदी अडलं तरच वापरा, असं त्या म्हणाल्या होत्या. वहिनी त्यात इतकी तरबेज झाली की नळी सुटली, मुलगी बाळसं धरू लागली, आणि इस्पितळातून इतर आयांना तिच्याकडे बघायला पाठवू लागले. वहिनीला त्याचा अभिमान होता. का नसावा? दादाने किंवा मी भरवायला बसलो की ती दारात उभी राहून आमच्या प्रत्येक घासाला नाक मुरडायची. शेवटी आम्ही तो नाद सोडला, आणि भरवणं तिचंच झालं.

त्या साली थंडी सरता सरता वहिनीची अक्कलदाढ दुखायला लागली. दाढ आडवी होती, दंतवैद्याने फोडून काढली. दादाने आठवडाभर चेष्टा केली की होती नव्हती तेवढी अक्कल गेली. वहिनी हसायची, पण हसू एका बाजूला जायचं. मी विचारलं तर म्हणाली, भूल अजून उतरली नाही वाटतं. भूल काय आठवडाभर राहते? पण दुखत नाही ना, मग कशाला बाऊ करायचा, असं म्हणून तिने विषय बदलला.

नंतर एकदा आम्ही चहा पीत बसलो होतो. बोलता बोलता तिच्या ओठाच्या डाव्या बाजूने चहा ओघळला, हनुवटीवरून खाली आला, गळ्यापर्यंत गेला, आणि तिला पत्ताच नाही. मी पदराकडे बोट दाखवलं तेव्हा तिने पुसलं. दुसऱ्यांदा रक्त होतं. जेवताना ओठ दाताखाली आला असणार. ती मला शेजारणीच्या सुनेचं काही सांगत होती आणि लालभडक थेंब ओठावर जमून फुगत होता. मी म्हटलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? ती खो खो हसली. ते हसू मला अजून आठवतं.

त्याच सुमाराला बाईसाहेबांनी तोंड मिटायला सुरुवात केली.

आधी दोन घास खाऊन मिटायच्या. मग पहिल्याच घासाला. ओठ घट्ट, तोंड भिंतीकडे. दादा म्हणाला, वयात येतेय, नखरे चाललेत. वहिनीने चव बदलून पाहिली, भाज्या बदलून पाहिल्या, दूध घातलं, अंडं घातलं. भिंत काही सुटेना. सकाळी बाईसाहेब हुंकारून गाणं म्हणायच्या, ते बंद झालं. लाळ इतकी वाढली की लाळेरी दिवसभर दोरीवर वाळत असायची. पुढे पुढे तर स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण वाजलं की तिचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. मला वर शिलाईयंत्रावर बसून ते कळायचं, कारण खुर्चीचे पट्टे करकरायचे आणि पाठोपाठ वहिनीचा आवाज यायचा, 'आले गं, आले माझे बाई.'

वजन उतरायला लागलं. मुलांच्या डॉक्टरांनी काटा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं की असंच चाललं तर या खेपेला नाकातून नाही, पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल. गिळण्याच्या बाई तोवर दुसऱ्या गावी गेल्या होत्या. तोंडात कुणी डोकावलं नाही. जी मुलगी लहानपणी हट्टाने उपाशी राहिली होती ती पुन्हा तसंच करतेय, असं डॉक्टरांना वाटलं, दादाला वाटलं, मलाही वाटलं. वहिनी घरी आली. पदर खोचला आणि अंगठा हनुवटीवर ठेवला.

त्यानंतर त्या घरात जेवणाची वेळ झाली की मला खाली उतरावंसं वाटत नसे. दादा मालाची गाडी चालवायचा. दुपारी गाडी दाराशी लावून तो आत यायचा, बाईसाहेबांचे हात धरायचा आणि नजर दुसरीकडे ठेवायचा. वहिनी भरवायची. ती ओरडायची नाही, चिडायची नाही, उलट गोड बोलायची. 'हा चिमणीचा, हा काऊचा, आणि हा आत्याचा.' बाईसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं आणि घास एकामागून एक आत जायचे. वाटी संपली की वहिनी दमून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, आज पूर्ण खाल्लं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा मोठं समाधान असायचं. वजनाचा काटा मात्र खालीच चालला होता.

एका दुपारी दादा लांबच्या फेरीवर होता. वहिनीने मला हाक मारली, 'वन्सं, जरा हात धरायला या.' मी गेले. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिची मनगटं धरली. ती बर्फासारखी गार होती. वहिनीने वाटीतला वरचा थर बाजूला सारून मधला चमचा घेतला, ओठाला लावला, मान हलवली आणि जबडा धरला. बाईसाहेबांनी सगळ्या ताकदीनिशी डोकं झटकलं. चमचा उडाला आणि गोळा माझ्या मनगटावर पडला.

मी किंचाळले. गोळा झटकला तरी कातडं लाल झालं होतं.

'अहो, हे उकळतंय वहिनी.'

'छे, कोमट आहे. मी बघितलं ना.'

'काय बघितलंत? माझा हात भाजला.'

'तुमचं कातडंच नाजूक आहे, वन्सं. हे बघा.' तिने पुन्हा चमचा भरला. त्यातून वाफ निघत होती. तिने तो शांतपणे खालच्या ओठाला लावला, डाव्या कोपऱ्याला, आणि तसाच धरून ठेवला. माझ्याकडे बघत ती हसत होती, लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसं. ओठाचा तो भाग आधीच सोललेला होता. मी इतके दिवस त्याला थंडीने फुटलेला ओठ समजत होते.

मी तिचा हात खाली ओढला. 'वहिनी, तुम्हाला ओठाला काही लागतंय का? खरं सांगा.'

तिने बोटाने ओठ चाचपला. नखाने टोचला. मग दातांनी चावला, रक्त येईपर्यंत. मग ती बाईसाहेबांकडे वळली.

मोबाइलचा उजेड मी धरला. या वेळी जबडा धरावा लागला नाही. वहिनीने नुसतं म्हटलं, 'दाखव गं मला,' आणि बाईसाहेबांनी डोळे वर नेऊन तोंड उघडलं. टाळूवर पांढरी सालपटं लोंबत होती, खाली लालबुंद मांस होतं. काही जखमा जुन्या, काही सकाळच्या. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. ज्याला फुंकता येत नाही आणि ज्याचं तोंड आपण दाबून उघडतो, त्याने काय करावं?

डॉक्टर वहिनीला रागावले नाहीत. औषध दिलं, गार पातळसर खायला सांगितलं. दंतवैद्य म्हणाला, दाढेखालची शीर दुखावली असेल, ओठाला कधीतरी जाण येईलही. दादा रडला. वहिनी रडली नाही. तिने चमचा माझ्या हातात दिला आणि सांगितलं की आजपासून चव आणि चटका तुम्ही बघायचा, मी नुसतं रांधीन. भरवायला मी किंवा दादा बसायचो. ती दारातही उभी राहत नसे. स्वयंपाकघरात पाठ करून भांडी घासत राहायची.

जखमा भरल्या. बाईसाहेब खायला लागल्या, आणि काय खायला लागल्या! मी भरवलं तरी खायच्या, दादाने भरवलं तरी. शेजारीण एकदा गंमत म्हणून बसली, तिच्याही हातून वाटी संपवली. चमचा दिसला की तोंड उघडायचं. वजन वाढलं, डॉक्टर खूश झाले, नळीचं नाव निघेनासं झालं. दादा म्हणाला, गंगेत घोडं न्हालं. मीही लोकांना कौतुकाने सांगत सुटले. औषधाचा कडू घोट असो की चुकून दोनदा मीठ पडलेला भात, मुलगी कशाला नाही म्हणत नाही.

ते वाक्य मी वहिनीसमोर बोलले. ती हातातलं भांडं घासायची थांबली आणि तिने विचारलं, 'कशालाच नाही?'

मग ती उठली. चुलीवर पातेलं रटरटत होतं, त्यातला एक चमचा भरून ती खिडकीजवळ आली. मी उठून तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, 'भरवत नाही, वन्सं. फक्त दाखवते.' तिने हात लांब केला, बाईसाहेबांच्या तोंडापासून चांगला वीतभर दूर. चमच्यातून वाफेचा लोट निघत होता. तो आंधळ्यालाही कळला असता.

बाईसाहेबांनी वाफेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी भरलं, अंग ताठ झालं, खुर्चीचे पट्टे करकरले. भिंतीकडे मान फिरेल म्हणून आम्ही दोघी वाट बघत उभ्या होतो. मान फिरली नाही. तिने तोंड उघडलं.

वहिनीने चमचा जमिनीवर टाकला आणि ती लेकीच्या पायांशी बसली. 'नाही म्हण गं,' ती म्हणत होती. 'एकदा तरी मला नाही म्हण.' बाईसाहेब तिच्याकडे बघत तशाच बसून राहिल्या, तोंड उघडं ठेवून.