राक्षसाचं सर्टिफिकेट

गिताबाईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्यानं, म्हणजे संपतनं, तिला परातीसकट चुलीवर ढकललं आणि वर कानशिलात दिली, तेव्हा आत काहीतरी फुटलं ते फुटलंच. शिरूरच्या डॉक्टरला तिनं सांगितलं, बैलानं शिंग मारलं. डॉक्टर म्हणाला, "बाई, बैलाला पाच बोटं कधी फुटली?" एवढं बोलला खरा, पण पुढं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही. थेंब लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिचं माहेर यवतजवळचं कासुर्डी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती कवठे येमाईच्या पलीकडच्या एका वाडीत आली, त्याला आता बावीस वर्षं झाली. कांदा काटणीला तिच्याइतका झपाझप हात साऱ्या वाडीत कुणाचा चालत नाही. बाकीच्या बाया दोन वाफे उरकतात तोवर ही तिसरा संपवून पाणी प्यायला बसलेली. संपत रांजणगावला कंपनीत कंत्राटावर माल चढवा-उतरवायचं काम करतो. आडदांड गडी. लोक म्हणतात, मनानं वाईट नाही, फक्त राग आवरत नाही. अरे वा! सुपरवायझरपुढं कसा आवरतो मग? तिथं तर मान वर करत नाही पठ्ठ्या.

आता या रागाला वाडीत एक मानाची जागा होती, तेही ऐका. वाडीची जत्रा चैत्रात भरते. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की देवळापुढं सोंग निघतं. देवीच्या बाजूनं सात गडी, समोर एकटा राक्षस. सातही गडी जमीनजुमलेवाल्या घरांतले, पिढ्यान्‌पिढ्या. राक्षस मात्र संपतच्या घरचा, तोही पिढ्यान्‌पिढ्या. आधी त्याचा बाप गेणबा, मग हा. राक्षसानं सातांना एकेक करून लोळवायचं आणि शेवटी देवीच्या मखरापुढं आपण मरून पडायचं, अशी रीत. आणि मारायचं ते खरं! आवाज निघाला नाही तर म्हाताऱ्या ओरडतात, "आरं, देवीला काय येडी समजता का रं?" वर्षभर ज्यांच्यापुढं "जी आप्पा, व्हय आप्पा" करायचं, त्यांच्याच पोरांना त्या दिवशी चारचौघांत बडवायची मुभा. संपत त्या एका दिवसासाठी जगायचा म्हणा ना.

यंदा ती मुभा अंगाशी आली. जत्रा कमिटीच्या आनंदरावांचा पोरगा स्वराज पहिलाच टोला खाऊन हसला. कशाला हसला, देव जाणे. संपतच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं पोराला असा हाणला की ते मखराच्या खांबावर जाऊन आदळलं. जबडा दोन ठिकाणी मोडला, दात ओटीच्या तांदळात पडले, देवीपुढची रांगोळी रक्तानं भिजली. वाजंत्री थांबली तरी संपत मारतच होता. चौघांनी ओढून काढला त्याला.

आनंदराव भर मंडपात म्हणाले, "संपत, तू राक्षस न्हाईस, जनावर हायेस. आता सोंग मिळायचं न्हाई तुला. आधी कुठंतरी जाऊन शिकून ये, मारायचं कसं त्ये. सर्टिफिकेट आण, मग बघू."

हे ते रागानं, टोमणा म्हणून बोलले. लोक हसलेही. पण संपतनं ते पोलीसपाटलाची नोटीस यावी तसं खरं धरलं. सर्टिफिकेट! म्हणजे सर्टिफिकेट मिळालं की सोंग परत. तो दिवसरात्र तेच घोकायला लागला आणि ते काही कुठं मिळेना, म्हणून घरात हात चालवायला लागला. पाच आठवड्यांत गिताबाईची एक बरगडी, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आणि लेकीच्या, मोनिकाच्या मोबाईलची काच एवढं मोडलं. एका संध्याकाळी त्यानं गिताबाईला अंबाड्याला धरून गोठ्यापर्यंत फरफटत नेलं. तिचा गुन्हा काय, तर आनंदरावांच्या बायकोशी ती वाटेत बोलली. सासू दगडाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं पाय तेवढे आत घेतले.

गिताबाईनं मनाशी एक धरलं. सोंग परत मिळालं की याचा राग जत्रेत उतरेल आणि आपण सुटू. तेव्हा काहीही करून याला ते सर्टिफिकेट मिळालं पाहिजे. नाहीतर पुढच्या चैत्रापर्यंत आपण काही राहत नाही.

तिनं लेकीला सांगितलं. मोनिका शिरूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिनं फुटक्या काचेतनं शोधून शोधून एक काढलंच: एका विद्यापीठाचे उन्हाळी ऑनलाइन कोर्स, नाटक-नाच-गाण्याचे असतात तसले. त्यातला एक होता 'रंगमंचावरची मारामारी'. सहा आठवडे, शिक्षणाची अट नाही, जोडीदार मात्र पाहिजे.

"मारामारी शिकाया इद्यापीठ?" संपत मांड्या थोपटून हसला. "मलाच मास्तर नेमा म्हणावं!" पण शेवटी सर्टिफिकेट मिळतं हे वाचलं आणि लगेच मोनिकाला फॉर्म भरायला बसवलं. फॉर्ममध्ये 'अनुभव' असं होतं, तिथं त्यानं मोनिकाला सोंगाची 'एकोणीस वर्षं' लिहायला लावली. 'जोडीदार' या रकान्यात त्यानं गिताबाईचं नाव सांगितलं. तिला विचारायची गरज त्याला वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटली नाही.

क्लास शनिवार-रविवारी सकाळी. शिकवायला साधना मॅडम, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पडद्यावर चाळीसएक चेहरे, बहुतेक शहरातली पोरंपोरी, आणि त्यात हा मिशीवाला संपत. पहिल्याच दिवशी मॅडमनी नियम सांगितले. मारणाऱ्यानं एक हात लांब उभं राहायचं. आधी जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं. मार खाणारा मान हलवून इशारा देतो, त्याआधी बोटसुद्धा उचलायचं नाही. आणि थपडेचा आवाज? तो मार खाणारा आपल्याच हातानं, छातीशी टाळी वाजवून काढतो.

"म्हणजे इथं सगळं मार खाणाऱ्याच्या हातात असतं," मॅडम म्हणाल्या. "मारणारा नुसता त्याच्यामागं जातो."

संपत पोट धरून हसला. गिताबाई मागं बाजरी निवडत होती, उजवा कान मोबाईलकडं करून. ती हसली नाही. तिचा हात सुपातच थांबला.

तिसऱ्या आठवड्यात थपडेचा व्हिडिओ पाठवायचा होता. संपतला वाटलं, खोटा आवाज ऐकला तर मार्क कापतील. वाडीत तर कापलेच असते! त्यानं गिताबाईला अंगणात उभी केली, मोनिकाला "चालू कर" म्हणाला आणि खाडकन लगावली. गिताबाई तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन पडली. ओठ फाटला. मोनिका रडत होती, पण व्हिडिओ गेला.

दुसऱ्या दिवशी क्लासात मॅडमनी तो लावला. सगळे चेहरे गार.

"संपतराव, आवाज कुठून आला?"

"गालातनं, मॅडम!" संपतची छाती फुगलेली. "अस्सल. तसलं टाळीबिळी न्हाई आपल्यात."

मग मॅडम ज्या भडकल्या! त्यांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं आणि त्या दिवशी क्लासमधनं बाहेर काढलं. त्याआधी जोडीदाराला समोर बोलवा म्हणाल्या, तर हा पठ्ठ्या म्हणतो, ती रानात गेलीय. गिताबाई आत मोरीपाशी ओठाला ओला पदर लावून उभी होती. शेवटी मॅडमनी बजावलं: आता शेवटची संधी. परीक्षा लाइव्ह होईल, जोडीदाराच्या इशाऱ्याविना हात उचललात तर नापास.

संपत चरफडला, पण सर्टिफिकेट पाहिजे होतं. पुढचे पंधरा दिवस सकाळी सराव चालला. अंतर ठेवायचं, डोळ्यांत बघायचं, थांबायचं. ती मान हलवायची, मग तो हात उचलायचा. पहिले तीन दिवस गिताबाई तो समोर येताच मान हलवायची. चौथ्या दिवशी तिनं मुद्दामच जरा उशिरा मान हलवली, आणि एवढा आडमाप माणूस हात कमरेशी धरून वाट बघत उभा राहिला. तिला आतून कसंसंच झालं. हसू आलं म्हणावं तर तसंही नाही.

पण क्लास सुटला की हात सुटलाच. सकाळी डोळ्यांत बघून अदबीनं थांबणाऱ्या संपतनं त्याच दिवशी दुपारी, गार पाणी आणायला उशीर झाला म्हणून, तिच्या पाठीत लाथ घातली. तेव्हा कसला इशारा आणि कसलं काय. ती पडल्या पडल्या म्हणाली, "सकाळी तर थांबत व्हता की वो." तर म्हणाला, "त्ये नाटक हाय, टवळे."

परीक्षा रविवारी सकाळी. नेट अंगणात गोठ्याच्या कडेला चांगलं लागायचं, म्हणून पेंडीच्या पोत्यांवर मोबाईल टेकवून ठेवला. अर्धी वाडी जमली. स्वतः आनंदरावही आले. खुर्ची टाकून बसले, कारण सर्टिफिकेटचं हे खूळ त्यांच्याच तोंडातनं निघालेलं आणि आता साऱ्या पंचक्रोशीत पसरलेलं. तीन प्रकार करून दाखवायचे होते: केस ओढणं, गळा दाबणं आणि ठोसा.

पहिला झाला. गिताबाईनं मान हलवली, त्याच्या मनगटाला धरून आपणच आपलं डोकं हिसडत अंगणभर फिरली. लोकांना वाटलं खरंच ओढतोय. दुसराही झाला. मॅडम म्हणाल्या, "फारच छान!" वाडीनं टाळ्या वाजवल्या. आनंदराव खुर्चीतनं म्हणाले, "संपतराव, मंडपात माझा शब्द गेलाय, तो पाळाया पाहिजे. आता सर्टिफिकेट आलंच समजा. पुढच्या चैत्रात सोंग तुमचंच!"

संपतराव! वाडीतल्या कुणाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा. संपत फुलून गेला. गिताबाईला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. आणि तेवढ्यात तिला आठवलं ते आठवायला नको होतं. तिचा कान फुटला तो चैत्रातच, जत्रेच्या चौथ्या दिवशी. त्या साली सोंग त्याचंच होतं. सातांना लोळवून, शाबासकी घेऊन, नारळ घेऊन घरी आला होता. सोंग असताना तिचा कान गेला होता आणि मोनिकाच्या पाठचं पोटातलं गेलं होतं. मग कसला राग उतरणार होता जत्रेत? आपण आपल्यालाच फसवत होतो की! तिला भयंकर संताप आला, त्याचा आला त्याहून आपला जास्त आला.

"आता ठोसा," मॅडम म्हणाल्या. "गिताबाई, तुम्ही तयार झालात की इशारा द्या."

संपत समोर उभा राहिला. डोळ्यांत बघितलं. ती बघत राहिली. मान हलवली नाही.

"दे की," तो हळूच म्हणाला.

तिनं पदर कमरेला खोचला.

"गिते, मान हलव."

कुणीतरी मागं खुदकन हसलं. संपतच्या कानशिलाच्या शिरा टरारल्या.

"संपतराव, थांबा, इशारा आलेला नाही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई द्यायची मी," गिताबाई मोठ्यानं म्हणाली. "आज न्हाई आन् कवाच न्हाई. द्या त्याला नापास करून!"

मग संपत तुटून पडला. मूठ आवळून, सगळं अंग घालून त्यानं ठोसा हाणला. पण पंधरा दिवस समोर उभी राहून गिताबाईला त्याचा खांदा वाचता येत होता. खांदा हलला तशी ती दोन पावलं बाजूला झाली. मूठ सरळ गोठ्याच्या लोखंडी खांबावर. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. संपत गुरासारखा ओरडत कोसळला, पोत्यांवर आपटला, मोबाईल पालथा पडला. मनगटातनं हाड वर आलं होतं, रक्ताची चिळकांडी आनंदरावांच्या पांढऱ्या पायजम्यावर.

सारं अंगण त्याच्याकडं धावलं. कुणी पाणी आणलं, कुणी फडकं. आनंदरावांनी आपली जीप काढायला लावली. दगडाबाई ऊर बडवत गिताबाईच्या अंगावर धावून आली, "सरकलीस कशाला गं भवाने! सरकलीस कशाला!"

गिताबाई एकटी खांबापाशी उभी होती. तिला बोटसुद्धा लागलं नव्हतं. मोनिकानं मोबाईल उचलून सरळ केला. त्यात नुसती धूळ दिसत असणार, कारण मॅडम घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, "काय झालं तिकडं? गिताबाई? गिताबाई, तुम्हाला लागलं का हो?"

बावीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सासूनं नाही, डॉक्टरनं नाही, माहेरी गेल्यावर सख्ख्या भावानंही नाही. गिताबाई भोकाड पसरून रडायला लागली. मग तिनं लेकीच्या हातातनं मोबाईल घेतला, मातीतच बसकण मारली आणि उजव्या कानाशी धरला.

"व्हय मॅडम," ती म्हणाली, "लई लागलंय." आणि पहिल्या दिवसापासनं सांगायला लागली.