दोन विती झिजलेली टेप

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी मिरवायला सांगत नाहीये. आमच्या घरातून भोंदूबुवांविरुद्धची पत्रकं निघायची. लहानपणी मी त्यांच्या घड्या घातल्या, आता स्वतः लिहिते. त्यामुळे इथे हे टाइप करून दोनदा पुसलं... पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला आमचं घर. मी कॉलेजात असताना आई गेली. मी पुण्यात, बाबा एकटे. सभा रेकॉर्ड करायला बाबांनी घेतलेला जुना स्पूल टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत पडून असतो. त्यावर चढवलेल्या रिळात मारेगावची एक सभा आहे. बाबांच्या भाषणाआधी आई माइक तपासते — "मागं ऐकू येऊन राह्यलं का?" एवढंच. आईचा आवाज आमच्याकडे दुसरा नाही.

या दिवाळीत तो मोबाईलवर उतरवून घ्यायचं ठरवलं. मशीन सत्तारचाचांच्या रिपेअरिंगच्या दुकानात टाकलं. दुसऱ्या दिवशी गेले तर चाचा टेप उजेडात धरून बसलेले.

"कोण ऐकते हे?"

"कोणीच नाही."

"खोटं कायले बोलतं, पोरी? हे पाय इकडं."

टेपवर तपकिरी लेप असतो, आवाज त्यातच असतो. सुरुवातीला दोन विती तो पार निघून गेला होता... खालचं प्लास्टिक काचेसारखं आरपार दिसत होतं.

"ओल लागली असेल, चाचा."

"ओल काय मोजून लागते? पुढची टेप नव्यासारखी आहे. एवढंच वाजवलं, मागं घेतलं, परत वाजवलं. बरीच वर्सं."

टेप ज्यावर घासून वाजते त्या हेडवरून त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. तपकिरी झाला. "जुनी भुकटी खरवडावी लागते. हे तर पावडरीसारखं निघून राह्यलं. आठ दिवसांतलं आहे."

मग त्यांनी मशीन फिरवून मागची बाजू मला दाखवली. मागे वायरच नव्हती.

ती मी कापली होती. दहावीच्या उन्हाळ्यात, कूलरला लावायला. कापण्याआधी बाबांनी हेच रीळ शेवटचं लावलं. आई म्हणाली, "बंद करा ना जी, कसा चिरका आवाज आहे माझा." आवाज स्वच्छ होता. त्यानंतर मशीनला करंट लागलेला नाही. रीळ फिरवणारा आतला रबरी बेल्टही वितळून डांबर झाला होता.

चाचांनी रीळ त्यांच्या चालू मशीनवर लावलं. आधी नुसती खरखर, मग बाबांचं खणखणीत भाषण. आईचं वाक्य तेवढं नव्हतं.

दुकानातूनच बाबांना फोन केला. म्हटलं, टेप थोडी झिजलीय.

बाबांनी तिकडे टीव्हीचा आवाज बंद केला. मग — "सुरुवातीचीच ना?"

मी जागा सांगितली नव्हती.

"दुपारी जेवण झालं की विचारते तुझी आई, आतल्या खोलीतून, 'मागं ऐकू येऊन राह्यलं का?' मी 'येतं' म्हणतो. मग थांबते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले? पत्रक काढलं असतं तू माझ्यावर." हसले. मग हळूच म्हणाले, "काल मशीन नेलं ना तू... काल नाही आली."

दुसऱ्या कोणाच्या बाबांनी हे सांगितलं असतं, तर उत्तर माझ्याकडे तयार होतं. एकटेपणा, भास. पण भासाने टेप झिजत नाही.

चाचा नवी वायर शोधत होते. मी नको म्हटलं. मशीन तसंच घरी आणलं, रीळ चढवलं, हेड स्वतः पुसून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्ही दोघं बसून राहिलो. मला काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बाबा आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "येतं."

गेल्या महिन्यात पुन्हा घरी गेले, तेव्हा हेडवर बोळा फिरवून पाहिला. तपकिरी निघाला. त्या जागी झिजायला तर काही उरलेलंच नाही.

आता मी बाबांना रोज दुपारी फोन करते... पण जेवणानंतर लगेच नाही.