कारण विचारायचं नाही

उदगीरच्या बसलिंगप्पांनी सव्वीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं, पण विकलेला माल एकदाही परत घेतला नाही. गल्ल्यावर तशी पाटीच होती. कोणी साडी घेऊन आलंच, तर आधी 'का?' विचारायचे, उत्तर आलं की आणखी दोन 'का'. गिऱ्हाईक बिचारं साडी बगलेत मारून परत जायचं.

रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. आणि नशिबाची गंमत बघा, पंचावन्नाव्या वर्षी ते लातूरला एका विलायती कंपनीच्या दुकानात लागले. कंपनी आपल्या देशात नवीनच उतरलेली. कपडे, चादरी, पडदे विकायची. यांच्या वाट्याला काउंटर कोणता आला? माल परत घेण्याचा. तीस दिवसांत काहीही परत आणा, गुमान घ्यायचं, कारण विचारायचं नाही, हा नियम. बसलिंगप्पांना तो निव्वळ येडेपणा वाटायचा. जीभही जुनीच, 'का' निसटायचाच. तीन महिन्यांत दोन तक्रारी झाल्या. मॅनेजर शिल्पा, मूळची नांदेडची, लेकीच्या वयाची, तिनं बजावलं, "काका, तिसरी आली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

नोकरी पक्की व्हायला एकच दिवस उरला. सकाळी निघताना बायकोनं, रुद्राणीबाईंनी, त्यांच्या हातावर लवंग ठेवली. "दाताखाली धरा, पण इचारू नका."

दुपारी चाकूरचे एक टोपीवाले गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आले. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. मान खाली, ओठ आपले पुटपुटतायत. बसलिंगप्पांना एक बाई आठवली. लेकीचा लग्नाचा बस्ता परत घेऊन आलेली. तिला भर दुकानात 'का, का' करून रडवलं होतं त्यांनी, आणि वर पाटी दाखवली होती. ते आठवून आजही त्यांना लाज वाटली.

'का' अगदी ओठांवर आला. त्यांनी लवंग चावली, पावती बघितली आणि म्हणाले, "घेतो."

"इचारत न्हाई का?"

"न्हाई. कंपनीचा नियम हाय."

गृहस्थ मटकन स्टुलावर बसले. "चाकूरपासून यष्टीत खोटं जुळवत आलतो. पोरीचं लगीन मोडलं, साहेब." मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. बसलिंगप्पांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं आणि ऐकत राहिले.

तेवढ्यात शिल्पा आली. गृहस्थांना सगळं सांगताना बघून ती थबकली.

"काका, विचारलंत?"

उत्तर गृहस्थांनीच दिलं. "न्हाई बाई. त्येंनी इचारलं न्हाई, म्हणून तर बोललो."

संध्याकाळी शिल्पानं पक्क्या नोकरीचा कागद हातात दिला. बसलिंगप्पांनी घरी फोन लावला.

"झालो पक्का. आपली पाटी माळ्यावर हाय का अजून?"

"हाय की."

"बंबात घाल."

"का?" रुद्राणीबाईंनी विचारलं.

बसलिंगप्पा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.