कोरं राहिलेलं आमचं गाव

नव्वदनंतरची ती वर्षं. पेणच्या खाडीपट्टीत चैत्र लागला की प्यायचं पाणी संपायचं. विहिरी मचूळ, म्हणून तळ्याच्या तळाचं गढूळ पाणी प्यायचं, आणि मग पोरांना जुलाब. मी गावची अंगणवाडी सांभाळायची, त्यामुळे टँकरसाठी पेणच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात हेलपाटे माझ्याच वाट्याला. पाय दुखून यायचे, पण सांगायचं कुणाला?

तिथल्या डॉक्टरांनी भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावलेला. जुलाबाचं पोर दवाखान्यात आलं की त्याच्या गावावर एक लाल टिकली चिकटवायची, आपली कपाळाला लावतो तीच. टँकर एकच, टिकल्या जिथे दाट, तिथे तो आधी. मला हे पटलं होतं हो. नाहीतर ज्याचा पुढारी मोठा त्याच्या दारात पाणी, हेच बघत आलेलो.

पण आमच्या गावावर एक टिकली नाही! डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचं गाव कोरं आहे. टँकर कसा पाठवू?" नकाशा समोर होता, तशीच परत फिरले.

घरी धाकटी जाऊ वाट बघत होती. तिचं नुकतं चालायला लागलेलं पोर जुलाबाने चिपाड झालेलं. त्याला रोह्याजवळ वरसे गावी आईकडे ठेवून ती मिठागराच्या कामासाठी परत आलेली. टँकर आल्याशिवाय पोर आणायचं नाही, असं तिने ठरवलेलं.

"काय झालं गो, जाऊबाय?"

"आपल्याकडे आजारी पोरंच नाहीत म्हणतात."

"असतील कशी? सगळी मामाकडे नेऊन ठेवलीत. आजारी पोर सासरी कोण ठेवतं?"

खरंच की! आमच्या गावच्या सुना बहुतेक रोह्याकडच्या. पोर आजारी पडलं की त्याला काखोटीला मारायचं आणि रोह्याची गाडी धरायची. तिकडे पाणी गोड, आजी हाताशी. दवाखानाही तिकडचाच, दुसऱ्या तालुक्यातला. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली, की सांगावी असं कुणाला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन गेले. ती म्हणाली, "साहेब, पोर माझं रोह्याला हाय, पण पाणी हितलंच प्यायलंय."

 डॉक्टरांनी लगेच रोह्याच्या दवाखान्याला फोन लावला. ते एकेका पोराच्या बापाचं गाव विचारत गेले, मी टिकल्या लावत गेले. पाकीट संपलं तशी जावेने कपाळावरची काढून दिली.

"अगो, अशी उघड्या कपाळाने घरी जाशील?"

"जाईन. टँकर तर येऊ दे."

टँकर आला. पण होता एकच ना! शेजारच्या गावाची एक खेप कमी करून आला. एसटीत तिथली एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचं पानी तुमच्याकडं गेलं व्हय?"  तिच्या गावावरच्या टिकल्या काही कुणी काढल्या नव्हत्या.

जाऊ पोराला घेऊन आली. पोर गुबगुबीत झालेलं, टँकरचं पाणी घटाघटा प्यायलं. पिशवीत त्याची दोनच झबली दिसली, म्हणून मी विचारलं, "बाकीचे कपडे कुठायत?"

"आईकडेच ठेवलेत," ती म्हणाली. "पुढल्या चैत्रात लागतील."