किंजी दादाचा खालचा बर्थ

किंजी दादा गेला त्याला महिना होत आला. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला सगळे जमतील तेव्हा परत तेच बोलणं निघणार, मला माहीत आहे. कोणीतरी म्हणणार, माणूस चांगला होता गं, पण आईच्या वेळी... आणि पुढचं न बोलता चहा ओतणार. म्हणून मी आधीच लिहून ठेवते. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण अर्धंच ठाऊक आहे.

दादा आमच्यात थोरला. बाबा बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा दादा शाळेत होता. शाळा सुटली आणि तो ओसाकाला गेला, एका न्हाणीघरात बंबावर लागला. घरातला बंब नव्हे, गल्लीतले सगळे लोक आंघोळीला येतात त्या न्हाणीघराचा, खोलीएवढा. पाडलेल्या घरांची लाकडं यायची, ती फोडायची, त्यातले खिळे उपटायचे आणि दुपारपासून रात्री शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत आगीत घालत बसायचं. जन्मभर तेच केलं. लग्न केलं नाही. आई म्हणायची, "याने धुराशीच लग्न लावलंय. घरी येतो तेव्हा बायकोला अंगावर घेऊनच येतो." खरंच, त्याचा कोट ज्या कपाटात टांगला ते कपाट आठवडाभर वास मारायचं.

वर्षातून दोनदा यायचा. नव्या वर्षाला आणि उन्हाळ्यात पितरांच्या दिवसांत. यायचा तो रात्रीच्या स्लीपर गाडीने. संध्याकाळी ओसाकाहून निघायची, रात्रभर समुद्राच्या कडेकडेने वर यायची, आणि आमच्या स्टेशनवर अजून अंधार असतानाच पोचायची. आमचं स्टेशन ते केवढं. गाडी थांबली न थांबली की सुटायची.

लाकडं उचलून उचलून दादाची कंबर कामातून गेली होती. शिडी चढून वरच्या बर्थवर जाणं त्याला जमायचं नाही, म्हणून खालच्या बर्थचंच तिकीट काढायचा. बाकी कुठे म्हणून चैन नाही, तेवढी एक.

त्या गाडीत रात्री दिवे मंद झाले की मग सकाळपर्यंत माईकवर कोणी बोलत नसे. लोक झोपलेले असतात ना. मधल्या बारक्या स्टेशनांवर उतरणारे जे असतील त्यांना टीसी स्वतः जाऊन उठवायचा. कुठल्या बर्थचा माणूस कुठे उतरणार ते त्याला ठाऊक असायचं. पडद्याबाहेरून हळूच, "साहेब, तुमचं स्टेशन येतंय." दादा त्याच्याच भरवशावर झोपायचा. झोप अशी की कानाशी ढोल बडवा. मी एकदा म्हटलं, "दादा, घड्याळाचा गजर लावत जा ना."

तर म्हणाला, "वेडी की काय यासू? माझ्या एकट्यासाठी अख्खा डबा उठवू?"

आई फेब्रुवारीत गेली. सकाळी शेजारीण लोणच्याचा मुळा मागायला आली तर आई चुलीपाशी पडलेली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. मी न्हाणीघरात फोन केला. दादा फोनवर नुसता "हं, हं" करत राहिला. मग म्हणाला, "आजच्या गाडीने निघतो. मी येईपर्यंत झाकू नका."

झाकू नका म्हणजे पेटी. आमच्याकडे आधी दहन, मग बाकीचे विधी. दक्षिणेकडचे लोक याला नावं ठेवतात, विधीच्या वेळी चेहराच दिसत नाही म्हणतात. म्हणून तर दहनाआधी पोचावंच लागतं. पेटी बंद झाली की झाली.

सगळं सेइगोरो काकांच्या हातात होतं. बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ घेतली. मी म्हटलं, "काका, दुपारची नाही का मिळत? बर्फ आहे, गाडीला उशीर झाला तर?"

"दुपारी दुसऱ्यांचं आहे. आणि परवा तोमोबिकी. गेलेला माणूस मित्रांना ओढून नेतो त्या दिवशी. दहनगृह बंद असतं, ठाऊक नाही तुला? आणि गाडी पहाटे येते. पहाट आणि नऊ यांच्यात बराच वेळ असतो. तुझा भाऊ काय रांगत येणार आहे?"

रात्रभर मी आईपाशी बसले. उदबत्ती विझू द्यायची नसते. पहाटे आमचे हे आणि मी गाडी घेऊन स्टेशनवर गेलो. वारा असा की उभं राहवेना, समुद्राचं पाणी रुळांपर्यंत उडत होतं. गाडी आली. वेळेवर आली हो, एवढ्या वाऱ्यात. एक दार उघडलं, टीसी खाली उतरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरं कोणी उतरलं नाही. मी डब्यांच्या बाजूने धावत गेले. सगळ्या खिडक्यांना पडदे. कुठल्या पडद्यामागे माझा भाऊ, काय कळणार? टीसी परत आत वळला, बहुतेक उठवायलाच निघाला होता, पण तेवढ्यात शिटी झाली.

हे म्हणाले, "चुकली असेल त्याची गाडी ओसाकालाच." मी म्हटलं, "नाही. आहे तो आत. झोपलाय."

घरी आलो तर काकांनी आमच्या मागे बघितलं. "कुठाय थोरले चिरंजीव?"

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. दादाच. आकिताच्या स्टेशनवरून. "यासू, मी पुढे आलो. परतीची लोकल पकडतो. झाकू नका हं." मागे लोकांचा गलका ऐकू येत होता. तेवढ्यात पुन्हा म्हणाला, "यासू, लोकल बंद आहे म्हणतात. वाऱ्यामुळे. टॅक्सी बघतो. झाकू नका."

त्यानंतर फोन नाही. तेव्हा खिशात फोन कुठे होते.

आठ वाजले, दादा नाही. भिक्खूंचं पठण झालं. चुलत वहिनीने आईला ओठांना लाली लावली. पेटीत फुलं ठेवायची वेळ आली, तेव्हा मी पेटीच्या कडेला हात धरून बसले. काकांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग चढले.

"यासुए, हात काढ."

"अर्धा तास थांबा काका. टॅक्सीत आहे तो."

"बर्फात टॅक्सी. दुपार होईल. नऊची वेळ गेली तर मग आणखी दोन दिवस तुझ्या आईला घरात ठेवायची का? खोलीत शेगडी चालू, एवढी माणसं, लहान मुलं..."

"ठेवू. बर्फ आहे बाहेर, हवं तेवढं आणते."

"मासा आहे का ती?" काका ओरडले. मग त्यांनाच वाईट वाटलं. खाली बसले माझ्याशेजारी आणि हळू म्हणाले, "पोरी, मलाही तिला अशी पाठवायची नाही. पण ज्याने यायचं होतं तो गाडीत झोपून राहिला. त्याची शिक्षा तिला कशाला?"

मी हात काढला. काय करणार? ते बरोबर बोलत होते की नाही ते मला आजही कळत नाही.

दहनगृहात तिथल्या माणसाने आमच्यासाठी थोडा वेळ काढला. मीच हात जोडले होते त्याच्यापुढे. दोनदा बाहेर जाऊन रस्त्याकडे बघून आला बिचारा. मग आत येऊन मान हलवली. नऊ वाजून गेल्यावर भट्टीचं दार लागलं.

दादा आला तेव्हा आम्ही दहनगृहाच्याच वरच्या खोलीत अस्थींची वाट बघत बसलो होतो. समोर भाताचे मुटके, कोणी हात लावत नव्हतं. गुडघ्यापर्यंत बर्फ. टॅक्सी चढावर अडकली म्हणून शेवटचं अंतर चालत आला होता. त्याने कोणाला काही विचारलं नाही. आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच दारात चपला काढायच्या जागी खाली बसला.

मीच पहिली ओरडले. "कुठे होतास तू? गाडी आली, मी उभी होते तिथे!"

वाऱ्याचं सांगता आलं असतं. टीसीने उठवलंच नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती. पण दादाला ते कधी जमलंच नाही. म्हणाला, "वरच्या बर्थवर एक आजी होत्या. गुडघे सुजलेले. शिडीवर एक पाय ठेवायच्या आणि परत खाली. म्हणून मी त्यांना खाली झोपवलं आणि वर गेलो. टीसीला सांगायचं राहून गेलं."

"म्हणजे?" काका म्हणाले.

"त्याने खालच्या बर्थवाल्याला उठवलं. आजी झोपेत हो म्हणाल्या."

मग काका बोलले ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी पुढे जन्मभर चघळलंत. "परक्या बाईचे गुडघे दिसले याला. स्वतःच्या आईचं तोंड नाही दिसलं."

दादाने मान खाली घातली.

अस्थी उचलायला बोलावलं तेव्हा जोडीजोडीने, जेवायच्या असतात तशा लांब काठ्या घेऊन उभे राहिलो. गळ्याजवळचं हाड शेवटी, ते थोरल्या मुलाने उचलायचं. काकांनी काठ्या स्वतःच्या हातात घेतल्या होत्या. दादा मागे भिंतीपाशी उभा. काका त्याच्याकडे बघत राहिले, मग काठ्या त्याच्यापुढे केल्या. दादाच्या काठ्यांतून ते निसटायला लागलं तसा मी खालून दुसऱ्या जोडीने आधार दिला. पांढरं, एवढंसं हाड. तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू त्यात आईचं नाक डोळे कुठेतरी सापडतील.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आता जे ठाऊक नाही ते सांगते.

आकिता यायच्या आधी सकाळी माईक सुरू झाला तेव्हा दादाला जाग आली. टीसी धावत आला, टोपी हातात, चेहरा पांढरा. रिकामा प्लॅटफॉर्म बघूनच त्याच्या लक्षात आलं होतं म्हणे, पण तोवर गाडी सुटली होती आणि आता आकितापर्यंत थांबणार नव्हती. तो वाकून माफी मागायला लागला तसा दादाने त्याला दंडाला धरून डब्याच्या दाराकडे नेलं. "हळू बोला. आजी ऐकतील." आजींना तर आणखी पुढे जायचं होतं. त्या पडद्यातून डोकं काढून म्हणाल्या, "अहो, तुम्ही इथे उतरताय? देव भलं करो, किती वर्षांनी पाय पसरून झोपले." दादा म्हणाला, "हो, मला इथेच उतरायचं होतं."

त्या बाईला कधी कळलंच नाही. खुशाल गेली आपल्या गावाला.

हे मला त्याने फार नंतर सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "आम्हाला खरं सांगितलंस, शिव्या खाल्ल्यास, आणि तिला मात्र खोटं?"

"तुम्ही घरचे. तिला कळलं असतं तर ती परत कधी झोपली असती का गाडीत?"

मी विचारलं, "आणि परत तसं झालं तर? देशील खालचा बर्थ?"

म्हणाला, "द्यावाच लागेल ना. ती वर कशी चढणार?" आणि मग, "टीसीला एक शब्द सांगायचा राहिला, यासू. एवढंच. एवढंच राहिलं." ते एवढंच त्याने इतक्यांदा म्हटलं की मी उठून भांडी घासायला गेले.

त्यानंतरही त्याच गाडीने यायचा, गाडी बंद होईपर्यंत. पण झोपायचा नाही. डब्याच्या टोकाला घडीची खुर्ची असायची, तिथे रात्रभर बसून यायचा. घरी आला की डोळे लाल, आणि काका जेवताना विचारायचे, "काय, या वेळी किती म्हाताऱ्या निजवल्यास?" सगळे हसायचे. दादाही हसायचा. तुम्हाला वाटलं त्याला लागत नाही. काका गेले तेव्हा त्यांची पेटी उचलायला पहिला हात दादाचा होता, तेही बघितलंत ना?

जेवणं झाली, सगळे पांगले की मग तो माझ्याजवळ सरकायचा. "यासू, सांग ना. कशी दिसत होती?"

मी सांगायची. डोळे नीट मिटलेले होते. केस वहिनीने मागे घेतले होते, कपाळ मोठं दिसत होतं. उजवी भुवई थोडी वर, मुळ्याला मीठ कमी पडलं की व्हायची तशी. आणि ओठांना लाली. इथे तो दरवेळी हसायचा. "लाली? आईला? उठून पुसली असती तिने." मी म्हणायची, "अरे, मला तर वाटलं उठतेच आता."

दरवर्षी तेच. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर लगेच पकडायचा. "मागच्या वेळी डावी भुवई म्हणालीस." मग मी डोळे मिटून आठवायची, आणि म्हणायची, नाही रे, उजवीच.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नाकात नळी होती, बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्याने बोटाने स्वतःच्या ओठांवरून रेघ ओढली. मला कळलं. मी खुर्ची जवळ घेतली आणि पहिल्यापासून सांगितलं, डोळे, केस, कपाळ, भुवई. लालीपाशी आले तेव्हा त्याचा श्वास हसल्यासारखा झाला. नर्स म्हणाली, आजी, त्यांना झोपू द्या. मी म्हटलं, झोपायचं नाहीये त्याला.

आता विचारणारा कोणी नाही. परवा रात्री मी स्वतःशीच सांगून बघितलं. शब्द सगळे आले, ओळीने, एकही चुकला नाही. पण डोळे मिटून आईला बघायला गेले तर समोर ती येईना. दादाच येत होता, माझ्या तोंडाकडे बघत बसलेला.